मशिनातले मानकरी

सोपान निमसेच्या हातात डिजिटल डायरी आली आणि त्याचं डोकं हळूहळू रिकामं व्हायला लागलं.

डायरी दिली पुण्याच्या आतेभावानं. त्याला ती कंपनीत दिवाळीची भेट म्हणून मिळाली होती. बारीक बटणं बघून तो वैतागला आणि सुट्टीत बोरमाळला आला तेव्हा सोपानच्या हातावर ठेवून म्हणाला, "घे बाबा, तू शिकतोयस." सोपान नगरला बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होता, म्हणजे शिकतच असणार, असा त्या भल्या माणसाचा समज. तळहातात मावणारं काळं यंत्र. चष्म्याच्या डबीसारखं उघडायचं. आत पावट्याएवढी बटणं आणि झाकणात करडी काच. नावं, फोन नंबर, तारखा, वेळापत्रक, काय म्हणाल ते त्यात साठवायचं, आणि सगळं इंग्रजीतून. सत्त्याण्णव सालात अख्ख्या नेवासा तालुक्यात असलं यंत्र दुसऱ्या कुणाकडं नसणार अशी सोपानची खात्री होती, आणि खात्री मोडू नये म्हणून त्यानं कुठं चौकशीही केली नाही.

होस्टेलवर त्यानं पहिल्या आठवड्यात सगळं आयुष्य त्यात भरलं. उठणे, आंघोळ, मेस, लायब्ररी. वेळ झाली की मशीन टी-टी-टी करून बोंबलायचं आणि सोपान दचकून आंघोळीला पळायचा. एकदा अकाउंट्सच्या तासाला ते वाजलं. सरांनी खडू खाली ठेवून विचारलं, "काय आहे हे?"

"सर, तुमचा तास सुरू झाल्याची आठवण."

"तास संपत आलाय, निमसे," सर म्हणाले, आणि वर्गानं बाकं बडवून घेतली.

खरी गंमत फोन नंबरांची. माणसं म्हणावी तितकी होती, पण फोन कुणाकडं? बोरमाळमध्ये फोन होते तीन: सरपंचांच्या घरी, दूध संस्थेत आणि किराणा दुकानात. बाकी गाव पी. पी. नंबरावर जगत होतं. दुकानात फोन वाजला की दुकानदार रस्त्यावर येऊन ओरडायचा. पण यंत्र आहे म्हटल्यावर भरायला नको? सोपाननं गावातली नावं बसून टाइप केली आणि प्रत्येकापुढं किराणा दुकानाचा तोच नंबर घातला. मशीनला वाटलं असेल, हे गाव एकाच घरात राहतं आणि जेवतंही एकाच ताटात.

मग व्हायचं तेच झालं. जे मशीनमध्ये गेलं ते डोक्यातून गेलं. परीक्षेच्या फॉर्मवर स्वतःचा नंबर लिहायला त्याला डायरी उघडावी लागायची. शेजारच्या खाटेवरचा महेंद्र, तोही बोरमाळचाच, एकदा म्हणाला, "सोप्या, तुझ्या बापाचं नाव तरी तोंडपाठ हाय का, का तेबी बटण दाबून बघतो?" सोपान हसला. महेंद्र जळतोय, असं त्यानं ठरवून टाकलं. शिवाय मशीनमध्ये वृषालीचा नंबर होता. लायब्ररीत तिला पुस्तक आणून देण्याच्या बहाण्यानं त्यानं तो मोठ्या खटपटीनं मिळवला होता. अजून लावला नव्हता, पण होता.

त्याच उन्हाळ्यात दीपाताईचं लग्न ठरलं.

दीपा सोपानहून थोरली. डी. एड. झालेली, बोलायला फटकळ, आणि दोन स्थळं तिनं स्वतः नाकारलेली. पहिल्यांनी विचारलं, भाकरी थापता येते का. दुसऱ्यांनी विचारलं, नोकरीचं खूळ डोक्यातून काढशील ना. तिसरा आला शिर्डीजवळच्या केळवाडीचा कानिफनाथ थेटे. झेडपीच्या शाळेत मास्तर. त्यानं विचारलं, "आपल्या दोघांना एकाच तालुक्यात शाळा मिळायला पाहिजे. अर्ज कधी करायचा?" दीपा त्या दिवशी रात्री आईजवळ बसून म्हणाली, "आई, करीन तर ह्याच्याशी." फटकळ पोरगी एवढं मऊ बोलली म्हणून आईच्या, छबूबाईच्या, डोळ्यांत पाणी आलं.

आता लग्नाला नवरा-नवरी लागतात हे खरं, पण आमच्या नगरकडं लग्न उभं राहतं ते मानपानावर. अक्षता पडायच्या आधी माईकवरून नाव पुकारायचं, माणसानं मांडवभर लोकांच्या नजरेतून सावकाश चालत यायचं, आणि त्याला टोपी-टॉवेल किंवा फेटा द्यायचा. द्यायचं काय ह्याला महत्त्व नाही, टोपी बाजारातली साधीच. महत्त्व आहे ते कुणाला आधी आणि कुणाला मागून ह्याला. त्यापायी भाऊभाऊ जन्मभर बोलत नाहीत. त्यामुळं दर लग्नाआधी भावकीतली जाणती माणसं चहाच्या कपांवर कप रिचवीत हा क्रम लावत बसायची.

"आता ते कशाला, तात्या?" सोपान वडिलांना म्हणाला. "तुमी नावं सांगा. मी मशिनात भरतो. तिथं बटण दाबायचं, वाचायचं. बोलायचं काम न्हाई."

रंगनाथतात्यांची छाती फुगली. पोराच्या शिक्षणाचा घराला उपयोग होण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांनी ओट्यावर बसून विचार करकरून नावं सांगितली. पहिला मान नवऱ्याच्या थोरल्या चुलत्याचा, झुंबरराव थेट्यांचा. ते साखर कारखान्याचे दोन वेळचे संचालक, त्यांच्याशिवाय केळवाडीत पान हलत नाही. मग सरपंच उत्तमराव. मग नवरीचे मामा सखाहरी. मग सोसायटीचे, दूध संस्थेचे, भावकीतले, पाव्हण्यांतले. सगळे झाल्यावर आतून दीपा ओरडली, "अंकुशकाकांचं घेतलं का?"

अंकुश साळवे म्हणजे महेंद्रचे चुलते, बौद्ध वस्तीतले, एसटीत ड्रायव्हर. दीपाची शाळा आणि पुढचं डी. एड. त्यांच्याच गाडीनं झालं. पाटाच्या पुलावरून धावत येणारी पोरगी दिसली की ते गाडी थांबवून ठेवायचे. प्रवासी कुरकुरले तर म्हणायचे, "गाडी तापली हाय, जरा निवू द्या." तात्यांनी डोकं खाजवलं. नाही म्हणावं असं काही नव्हतं, आणि हो म्हणायचीही कधी वेळ आली नव्हती. शेवटी म्हणाले, "घे की त्याचंबी. शेवटाला कुठंतरी."

सोपाननं घेतलं. प्रत्येकाच्या नावापुढं टोपी, फेटा, शाल असं जे असेल ते टाइप केलं, केळवाडीच्या घरचा नवा पी. पी. नंबर ताईच्या नावावर टाकला आणि झाकण लावलं. आता कुणी म्हणेल, मशीन सगळी नावं ए-बी-सी-डीनं लावून घेतं हे त्याला माहीत नव्हतं का? होतं की. रोजच बघत होता. पण विचार करणं त्यानं केव्हाच मशीनवर सोपवलेलं, आणि मशीननं ते आपल्या अकलेप्रमाणं केलं.

लग्न शाळेच्या मैदानावर होतं. ऊन असं की मांडवाच्या कापडातून सुद्धा डोकं भाजत होतं. केळवाडीचं वऱ्हाड ट्रक आणि जीपगाड्या भरून आलेलं, झुंबरराव पुढच्या खुर्चीत, इस्त्रीचं धोतर, पांढरी टोपी सारखी नीट करत. तात्या आचाऱ्याकडं बुंदी कमी पडतेय का ते बघायला गेले होते. सोपान माईकपाशी उभा राहिला. नवा सफारी, एका हातात माईक, दुसऱ्या हातात मशीन. सगळ्यांच्या नजरा मशीनवर आहेत हे त्याला कळत होतं आणि लई बरं वाटत होतं.

त्यानं बटण दाबलं. "पहिला मान," तो घसा साफ करून म्हणाला, "पहिला मान श्री. अंकुश साळवे."

झुंबरराव निम्मे उठले होते ते तसेच अर्धवट राहिले. मागच्या रांगेत बसलेल्या अंकुशकाकांनी आधी आजूबाजूला बघितलं, दुसरा कुणी अंकुश साळवे आहे का म्हणून. नव्हता. मग ते उठले, शर्ट ओढून सरळ केला आणि सगळ्या मांडवातून चालत पुढं आले. टोपी घालून घेतली, टॉवेल खांद्यावर घेतला, हात जोडले आणि परत जागेवर जाऊन बसले. बाजूच्या खुर्चीतला महेंद्र चुलत्याच्या डोक्याकडं बघत राहिला.

सोपान मशीनकडं बघत होता, ज्या नावापुढं टोपी-फेटा दिसेल ते वाचत होता, त्याला माणसं दिसतच नव्हती. बबन, भानुदास, चांगदेव, दगडू. प्रत्येक नावाला झुंबरराव खुर्चीतून थोडे वर व्हायचे आणि पुन्हा बसायचे. गंगाधरपर्यंत त्यांनी दम धरला. हरिभाऊ म्हटल्यावर ते उठले ते पूर्णच उठले, आणि मांडवाबाहेर जाऊन जीपमध्ये बसले. त्यांच्यामागं वऱ्हाडातले दहा-बारा कर्ते पुरुष. ट्रकवाल्यानं तर गाडी चालूच केली.

तात्या झारा हातात घेऊनच पळत आले. "अरं, काय वाचलंस तू?"

"तुमी सांगितलेलंच."

"मी असं सांगितलं हुतं?"

सोपाननं मशीनकडं बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

झुंबरराव जीपच्या पुढच्या सीटवर बसले होते. दार उघडं होतं, समजूत काढायला येणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली नव्हती, पण हात किल्लीवर होता. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"अण्णा, पोराची चूक झाली."

"चुकीचं काही न्हाई, रंगनाथराव. पहिला मान कुणाला द्यायचा ह्याची तुमच्या गावात काही रीत हाय का न्हाई, एवढंच विचारतो."

रीत म्हणजे काय ते त्यांनी फोडून सांगितलं नाही. आमच्याकडं असल्या गोष्टी बोलत नाहीत, नुसत्या पाळतात. तात्यांना कळलं, सोपानला कळलं, आणि जीपभोवती जमलेल्या सगळ्यांना कळलं.

"वऱ्हाड माघारी गेलं तर माझ्या पोरीनं काय करायचं, अण्णा?" तात्या जीपचं दार धरून म्हणाले.

"माघारी न्यायचं का न्हाई ते ठरवू. आधी ते मशीन दाखवा."

सोपाननं डायरी पुढं धरली.

"माझं नाव कुठं हाय?"

सोपाननं बटण दाबत दाबत शेवट गाठला. "हे बघा, अण्णा. झेड."

"म्हंजे तळाला."

"इंग्रजीत ते अक्षरच शेवटी येतं, अण्णा. मशीन आपोआप लावतं."

"आपोआप कसं लावंल? कुणी शिकवल्याबिगर यंत्राला माझी काय दुश्मनी? वर घे."

"वर घेता येत न्हाई."

"मग वरचे काढ."

सोपानला आधी समजलंच नाही. झुंबररावांनी समजावून सांगितलं. "माझ्या वर जे जे हायेत ते सगळे काढ. म्हंजे मी वर येतो." कारखान्याच्या संचालक मंडळावर दोनदा गेलेल्या माणसाला ही पद्धत नवी नव्हती.

सोपाननं तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "काढ की रं. दीपीचं लगीन हाय."

काढायचं म्हटलं तर मशीन दर नावाला विचारायचं, नक्की काढू ना? सोपान म्हणायचा, काढ. अंकुश साळवे गेले. बबन गेला. भागीरथीआत्याचं नाव आलं तेव्हा झुंबररावांनी विचारलं, "ही कोण?"

"आमची आत्या."

"बाईला कुठं टोपी घालायची असती? काढ."

आत्या गेली. भानुदास, चांगदेव आणि दगडूही गेले. मग काचेवर नाव आलं, दीपा. सोपानचा अंगठा थांबला.

"हे कोण?"

"ताई. म्हंजे नवरी. केळवाडीचा नंबर टाकलाय तिच्या नावावर."

"नवरीचा काय मान असतो लग्नात?" झुंबरराव म्हणाले. "काढ."

सोपाननं आजूबाजूला बघितलं. तात्या ट्रककडं बघत होते. आणि त्यानं काढलं. बहिणीच्या लग्नात, बहिणीचं नाव, स्वतःच्या अंगठ्यानं. ट्रक चालू होता आणि त्याचा धूर नाकात जात होता.

पुढं फार वेळ लागला नाही. गंगाधर, हरिभाऊ, होस्टेलचे रेक्टर, महेंद्र, कॉलेजचे प्राचार्य, सखाहरीमामा, सरपंच उत्तमराव, सगळे एका रांगेनं गेले. शेवटी वृषाली आली.

"ही कोण?"

सोपानचे कान लाल झाले. "वर्गातली. अभ्यासाचं असतं काहीतरी."

"काढ," झुंबरराव म्हणाले. तात्यांनी मात्र पोराकडं जरा निरखून बघितलं.

काचेवर एकच नाव उरलं. झुंबररावांनी डायरी हातात घेऊन डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, बटण दाबून पुढं गेले, मागं आले, दर वेळी आपणच. त्यांचा चेहरा निवला. "आता कसं," ते म्हणाले. "आता झालेले मान रद्द करा. टोप्या परत घ्या, आन् पहिल्यापासनं पुकारा."

टोप्या परत घ्यायच्या! तात्यांनी कपाळाला हात लावला, पण गेले. मांडवात एकेकापुढं हात जोडत फिरले. बबननं टोपी काढून दिली, भानुदासनं दिली, चांगदेवनं तर टेबलावर आपटली. अंकुशकाकांपुढं तात्या उभे राहिले तेव्हा त्यांची नजर जमिनीवर होती.

"अंकुशराव, तेवढी टोपी..."

"रंगनाथराव," काका बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "मी मागाय आल्तो का? तुमी माईकवरनं बोलावलं, मी आलो. तुमी घातली, मी घालून घेतली. आता ही माझी झाली. आन् टॉवेलबी."

तात्या मान खाली घालून पुढं गेले.

झुंबरराव पुन्हा खुर्चीत येऊन बसले. सोपाननं माईक घेतला, बटण दाबलं. "पहिला मान श्री. झुंबरराव थेटे!" झुंबरराव उठले, ऐटीत चालत आले, फेटा बांधून घेतला. सोपाननं पुढचं नाव वाचायला बटण दाबलं. पुन्हा झुंबरराव. आणखी दाबलं. झुंबरराव.

"पुढचं नाव घे की," तात्या कानाशी कुजबुजले.

सोपाननं डोळे मिटले, आठवायचा प्रयत्न केला. डोक्यात काही म्हणजे काही नव्हतं. ज्यांच्या अंगाखांद्यावर खेळून मोठा झाला त्या माणसांची नावं आठवेनात, सख्ख्या मामाचंसुद्धा. शेवटी तात्यांनीच माईक ओढून घेतला आणि "सरपंच उत्तमराव" म्हणून हाक दिली. पण उशीर झाला होता. नुसता वाट बघून कंटाळलेला मान एक वेळ परवडतो, काढून घेतलेला मान परवडत नाही. "टोपी घाला, टोपी काढा, आमी काय बुजगावणी हाय का?" असं म्हणत बबन उठला. भानुदास उठला. सरपंच म्हणाले, "मशीनमध्ये एकच नाव आहे म्हणे. मग त्यांच्यावरच लग्न उरका." ते गेले तसे त्यांच्यामागं वॉर्डातले गेले. बघता बघता दोन्हीकडचे मानकरी मैदानाच्या कडेला लिंबाखाली जाऊन बसले, पाठ मांडवाकडं करून. सखाहरीमामा सगळ्यांत पुढं.

आणि झुंबरराव? त्यांची फारच पंचाईत झाली. फेटा बांधून ते एकटे पहिल्या रांगेत, मागं खुर्च्या मोकळ्या. मान मिळाला होता, पण तो बघायला माणूस नव्हता. आणि रुसावं तर कुणावर? मागितलं ते सगळं मिळालेलं. ते नुसते फेट्याचा शेव कुरवाळत बसले.

गुरुजी घड्याळाकडं बघत होते, त्यांना नेवाशात अजून एक लग्न होतं. "मुहूर्त टळतोय, यजमान. अंतरपाट धरा. नवरीचे मामा कुठायत?"

नवरीमागं मामा उभा राहिल्याशिवाय अक्षता पडत नाहीत. नवऱ्याचा मामा प्रवासानं दमून मांडवातच झोपला होता, त्यामुळं त्याला रुसायची संधी मिळाली नव्हती. त्याला हलवून उभा केला. पण सखाहरीमामा लिंबाखालून उठेनात. छबूबाई अनवाणी पळत गेल्या, भावाचे पाय धरले. "सखाहरी, माझ्या लेकीकडं बघ रं." मामा म्हणाले, "माझं नाव पुसताना तुमच्या पोराला काही वाटलं न्हाई? जा, मशीनला उभं करा मागं." छबूबाई तोंडात पदर कोंबून परत आल्या.

दीपा पाटावर उभी होती. मुंडावळ्या, घामानं ओघळलेलं कुंकू, हातात हार. सगळं तिनं ऐकलेलं होतं, नाव पुसल्याचंही. सोपान तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला. त्याला रडूच कोसळलं. "ताई, माझ्यामुळं झालं गं सगळं."

"रडू नको, सोप्या," दीपा म्हणाली. तिनं मान वळवली आणि मांडवाच्या मागच्या रांगेकडं बघून खणखणीत आवाजात हाक मारली. "अंकुशकाका! माझ्यामागं उभं राहता का?"

अंकुशकाका उठले खरे, पण पुढं येईनात. तिथूनच म्हणाले, "पोरी, मला ह्यातलं काय करायचं माहीत न्हाई. आन् नंतर तुला कुणी बोललं तर?"

"करायचं काही नसतं, काका. नुसतं उभं राहायचं. आन् बोलणारे बोलू द्या."

अंतरपाटाच्या पलीकडून कानिफनाथचा आवाज आला. "काका, या तुम्ही. गुरुजी, मामा आले. सुरू करा."

सगळ्यांनी झुंबररावांकडं बघितलं. झुंबररावांनी जीपकडं बघितलं. आता उठून जावं तर मशिनातलं एकुलतं एक नावही मांडवाबाहेर जाणार होतं. ते बसून राहिले.

तात्यांनी सोपानच्या हातात माईक कोंबला. तो त्यानं धरला. मशीन त्यानं सफारीच्या खिशात घातलं आणि कुठलंही बटण न दाबता म्हणाला, "नवरीच्या मागं उभे राहतायत, नवरीचे काका, श्री. अंकुश साळवे." नाव आठवायला त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. काका आले, टोपी नीट केली, टॉवेलानं घाम पुसला आणि दीपाच्या मागं ताठ उभे राहिले.

मंगलाष्टकांचा पहिला सूर लाउडस्पीकरमधून लिंबापर्यंत गेला आणि तिथं एकच गडबड उडाली. आपल्यावाचून लग्न अडेल एवढा एकच हिशेब धरून मंडळी बसली होती. सगळे चपला शोधत उठले. सखाहरीमामा धोतर सावरत पळत आले ते शेवटच्या 'सावधान'ला पोचले. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, अंतरपाट दूर झाला. मामा मांडवात उभे, धापा टाकत, मुठीत तांदूळसुद्धा नाहीत.

"दीपे," ते म्हणाले, "माझी जागा दुसऱ्याला दिलीस?"

"तुमची जागा कुणी घेतली न्हाई, मामा," दीपा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज तिचाच होता. "तुमी ती लिंबाखाली घेऊन गेला हुता. काका मला पाटाच्या पुलावर थांबून राहायचे, म्हणून मी त्यांना हाक मारली."

मग ती वाकली आणि सगळ्यांच्या आधी अंकुशकाकांच्या पाया पडली. कानिफनाथही पडला. काकांनी "सुखी राहा" म्हटलं आणि खांद्यावरचा टॉवेल नीट केला.

मांडव आता गच्च भरला होता. झुंबररावांनी मागं वळून भरलेल्या खुर्च्या बघितल्या आणि सोपानला बोटानं जवळ बोलावलं. "पोरा," ते हळूच म्हणाले, "मघाशी मांडवात कुणी थांबलं न्हाई. आता माणसं आल्यात. माझं नाव पुन्हा एकदा घे."

सोपाननं खिशातून मशीन काढलं. झाकण उघडून, बटण दाबून, नाव समोर आणून दोन्ही हातांनी झुंबररावांच्या हातावर ठेवलं आणि वाकून नमस्कार केला. "अण्णा, हे आमच्याकडनं तुमाला आहेर. ह्यात तुमच्या वर कुणी न्हाई आन् खाली बी कुणी न्हाई."

झुंबररावांना त्यात वावगं काही वाटलं नाही. पंगत बसली तेव्हा ते पहिल्या पानावर होते, फेटा बांधलेला, उजव्या हातानं जेवत आणि डाव्या हातात मशीन धरून. वाढायला कुणी समोर आलं की ते काच त्याच्याकडं फिरवायचे. "हे बघ, पहिलं नाव." वाढणारा वाकून बघायचा, "व्हय, अण्णा" म्हणायचा आणि बुंदी वाढून पुढच्या पानाकडं जायचा.